सिमला ऑफिस

पुण्यात शिवाजीनगरच्या अंगाने बस जायला लागली की कंडक्टर ओरडतो, ‘सिमला ऑफिस, सिमला ऑफिस!’ मराठवाड्यातून शिकायला आलेल्या मला पहिल्यांदा वाटलं, इथे हिमाचलच्या पर्यटन खात्याचं काहीतरी कार्यालय असणार. उतरून बघितलं तर मनोरा असलेली दगडी इमारत, आवारात झाडी, आणि पाटी हवामान खात्याची. म्हणजे लहानपणापासून ज्या ‘वेधशाळे’ला घरी शिव्या पडताना ऐकल्या, ती ही.

नावामागची गोष्ट साधी आहे. इंग्रजांच्या काळात हवामान खात्याचं मुख्य कार्यालय आधी कलकत्त्यात होतं, १९०५ साली ते सिमल्याला गेलं आणि १९२८ साली तिथून पुण्यात आलं. सिमल्याहून आलेलं ऑफिस म्हणून पुणेकरांनी त्याला सिमला ऑफिस म्हणायला सुरुवात केली. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला हललं, तरी पुण्यातली इमारत, काम आणि थांब्याचं नाव मागे राहिलं. पुणेकर एकदा ठेवलेलं नाव सहसा बदलत नाहीत.

मला हा थांबा पुन्हा आठवला तो २०१७ च्या जुलैमध्ये. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध चक्क पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. पाऊस चांगला होणार असा अंदाज दिला, त्यावर विसंबून आम्ही पेरलं, पावसाने दडी मारली आणि बियाणं मातीत गेलं, असं त्यांचं म्हणणं. बियाणं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या कंपन्यांशी या लोकांचं साटंलोटं आहे, असाही आरोप होता. शहरातल्या मित्रांनी बातमी हसत हसत फॉरवर्ड केली. मला हसू आलं नाही, कारण दुबार पेरणीला सावकाराकडे जाणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. पण तक्रार मात्र चुकीच्या ठिकाणी गेली आहे असंही वाटत राहिलं. मग प्रश्न पडला की पाऊस सांगणारी ही माणसं नक्की कोण असतात? ती हे शिकतात कुठे? आणि ज्यांनी हे सगळ्यात आधी सुरू केलं, त्यांना कोणी शिकवलं?

तर, त्यांना कोणीच शिकवलेलं नव्हतं.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. माणसं हजारोंनी मेली. दोनच वर्षांनी, १८६६ साली, आधी रुसलेल्या पावसामुळे ओरिसात भीषण दुष्काळ पडला. सरकारला दोन गोष्टी कळल्या. वादळाची आगाऊ सूचना मिळाली तर जहाजं वाचतात, आणि पाऊस पडत नाही तेव्हा सारा वसूल होत नाही. यातून १८७५ साली भारतीय हवामान खातं जन्माला आलं. पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हा गृहस्थ भूगर्भशास्त्रज्ञ, दगडांचा अभ्यास करायला भारतात आलेला आणि पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारा. आकाशाकडे बघण्याची नोकरी जमिनीकडे बघणाऱ्या माणसाला मिळाली.

खातं सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं आणि १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. आपल्या दख्खनमध्ये माणसं रस्त्याकडेला मेली. याच दुष्काळात फिरताना वासुदेव बळवंत फडके पेटून उठले, हे आपण शाळेत शिकलो. दुष्काळ आयोग बसला, आणि सरकार ब्लॅनफर्डला विचारू लागलं की पुढचा पाऊस कसा असेल ते आधी सांगता येईल का?

ब्लॅनफर्डकडे उपग्रह नव्हते, संगणक नव्हता. होत्या त्या देशभर विखुरलेल्या वेधशाळांमधून येणाऱ्या नोंदी. त्या चाळताना त्याला एक गोष्ट दिसली. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा मोसमी पाऊस कमी होण्याकडे कल असतो. बर्फ वितळण्यात उन्हाची उष्णता खर्ची पडते, जमीन तापायला उशीर होतो, समुद्रावरून वारे खेचून आणणारी ओढ कमी पडते, असं काहीसं त्यामागचं कारण. १८८२ पासून त्याने चाचपडत अंदाज दिले आणि ४ जून १८८६ रोजी भारताचा पहिला अधिकृत मोसमी अंदाज छापला गेला. आज मे महिन्याच्या शेवटी आपण ज्या बातमीची वाट बघतो, तिची सुरुवात ही.

त्याच काळात, १८८५ साली, खात्यात एक पंजाबी तरुण दाखल झाला, रुचिराम साहनी. या खात्यात अधिकारी म्हणून शिरलेल्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी एक. त्याचं प्रशिक्षण म्हणजे ब्लॅनफर्डच्या हाताखाली बसून काम करणं. शाळा नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही. गवंड्याच्या हाताखाली पोरगं शिकतं तसं. दोनेक वर्षांत साहनी लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात शिक्षक म्हणून गेला. वनस्पतींच्या जीवाश्मांचे मोठे संशोधक बिरबल साहनी हे त्याचे चिरंजीव.

ब्लॅनफर्डनंतर जॉन इलियट आला. हा केंब्रिजचा गणिती. त्याने बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडची परिस्थितीही हिशेबात घेतली आणि लांबलचक, तपशीलवार अंदाज द्यायला सुरुवात केली. १८९९ साली त्याने पाऊस चांगला होईल असं सांगितलं. त्या वर्षी पाऊस असा काही गायब झाला की राजस्थान-गुजरातेत लोक आजही त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात, विक्रम संवत १९५६ चा म्हणून. वर्तमानपत्रांनी इलियटला सोलून काढलं. त्यानंतर सरकारने काही वर्षं अंदाज गोपनीय ठेवले. अंदाज चुकतो म्हणून तो लोकांना सांगायचाच नाही, हा सरकारी खाक्या किती जुना आहे बघा.

इलियट निवृत्त होताना त्याच्या जागी आला तो माणूस या गोष्टीतला सगळ्यात मजेदार. गिल्बर्ट वॉकर. १८८९ सालचा केंब्रिजचा सिनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिला. विद्यार्थी असताना त्याला बूमरँग फेकायचा नाद होता, त्यावर शोधनिबंधही लिहिला आणि मित्रांनी नाव पाडलं ‘बूमरँग वॉकर’. बासरीच्या रचनेतही त्याला रस. हवामानशास्त्राचा मात्र त्याचा काडीचा अभ्यास नव्हता. नेमणूक झाल्यावर युरोप-अमेरिकेतली हवामान कार्यालयं फिरून आला, तेच त्याचं प्रशिक्षण. १९०४ साली तो प्रमुख झाला आणि पुढची वीस वर्षं राहिला.

वॉकरने काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे. त्याने असं ठरवलं की मोसमी पाऊस का पडतो याचा पक्का सिद्धांत आपल्याकडे नाही, तर सध्या तो प्रश्न बाजूला ठेवू. त्याऐवजी जगभरातले आकडे गोळा करू आणि कशाच्या वाढण्या-घटण्याबरोबर आपला पाऊस वाढतो-घटतो ते पाहू. दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस, हिमालयातला बर्फ, असं काहीही. दोन मालिका एकमेकींशी किती जुळून चालतात हे मोजायचं एक गणिती माप असतं, त्याला सहसंबंध गुणांक म्हणतात. आज एक्सेलमध्ये एका क्लिकवर तो निघतो. त्या काळी त्यासाठी कारकून बसवावे लागत. सिमल्याच्या थंडीत बसून भारतीय कारकुनांनी शाई आणि कागदावर अशी हजारो गणितं केली. ही माणसं म्हणजेच वॉकरचा संगणक. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, हे मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त खटकतं.

या गणितांच्या ढिगाऱ्यातून वॉकरला एक झोपाळा सापडला. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि याच्या उलटही होतं. पृथ्वीच्या दोन टोकांना धरून कुणी झोके द्यावेत तसं. १९२४ च्या आसपास त्याने याला नाव दिलं ‘सदर्न ऑसिलेशन’, दक्षिणी दोलन. हे का होतं ते त्याला सांगता आलं नाही. समुद्राच्या आतले आकडे त्याच्याकडे नव्हतेच. १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेजियन-अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा झोका आणि पेरूच्या किनाऱ्याजवळ समुद्र तापतो ती एल निनो नावाची घटना, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. प्रशांत महासागरावरच्या वाऱ्यांच्या त्या चक्राला त्याने वॉकरचं नाव दिलं. तोवर वॉकर जाऊन अकरा वर्षं झाली होती. म्हणजे आज टीव्हीवर ‘यंदा एल निनोचं सावट’ असं सांगतात, त्या वाक्याचं एक मूळ सिमल्याच्या कारकुनांच्या टेबलावर आहे.

जाता जाता एक सांगायलाच हवं. १९१३ च्या फेब्रुवारीत वॉकर मद्रासला गेला होता. तिथे त्याला पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाची गणितं दाखवण्यात आली. त्याने लगेच विद्यापीठाला पत्र लिहिलं की या मुलाला पोटाची चिंता न करता गणित करता येईल अशी सोय करा. तो कारकून श्रीनिवास रामानुजन. कारकुनांच्या बाबतीत वॉकरची नजर चांगली होती म्हणायची.

पण गंमत पुढे आहे. वॉकर जग समजून घ्यायला निघाला होता आपला पाऊस सांगण्यासाठी. त्याने निवडलेली बरीचशी नाती पुढच्या काही दशकांत विरघळून गेली. आकडे जुळत होते तोवर जुळले, मग जुळेनासे झाले. त्याच्यामागून खातं सांभाळणाऱ्या चार्ल्स नॉर्मंडने १९५३ साली जरा खिन्नपणे मांडलं की मोसमी पाऊस आधी काय होतं त्यावरून सांगता येण्यापेक्षा, पुढे जगात काय होईल ते त्याच्यावरून सांगणं जास्त सोपं दिसतं. आपला पाऊस दुसऱ्याचं भविष्य सांगतो, स्वतःचं सांगत नाही.

ऑफिस पुण्यात आलं त्याच सुमाराला भारतीय शास्त्रज्ञांची एक पिढी खात्यात शिरत होती, त्यातले काही सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यातला एक एल. ए. रामदास. १९३२ साली पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू झाला तो याच्या हातून. रामदासने शेताच्या पातळीवर उतरून तापमान मोजायला सुरुवात केली. पुस्तकात लिहिलं होतं की निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सगळ्यात गार असते ती जमीन, आणि जसं वर जावं तसं तापमान वाढतं. रामदासच्या थर्मामीटरने सांगितलं की नाही, सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून नसते, ती वितभर ते हातभर उंचीवर असते. पिकाच्या शेंड्याशी. पाश्चात्य शास्त्रज्ञांनी म्हटलं, तुमच्या मोजण्यात चूक असेल. अनेक दशकं हा वाद चालला. शेवटी निरीक्षण खरं ठरलं, आणि त्या गार थराला आज ‘रामदास लेयर’ म्हणतात. थंडीत कडाक्याने पिकाचा शेंडा आधी का करपतो ते द्राक्षवाल्याला विचारा, तो त्याच्या भाषेत सांगेल.

मोजण्यात चूक असेल, हे वाक्य लक्षात ठेवा. कारण यानंतर जी बाई येते तिने आयुष्य याच वाक्यावर काढलं.

अन्ना मणी. जन्म १९१८, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तर या मुलीने त्या नाकारून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. हिऱ्यांशी गाठ पुढे पडलीच, पण वेगळ्या तऱ्हेने. बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत तिने हिरे आणि माणकांमधून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला. पाच शोधनिबंध लिहिले. १९४५ साली पीएचडीसाठी प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने तो नाकारला, कारण तिच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती. प्रबंधात काय आहे हा प्रश्नच आला नाही. पुढे आयुष्यभर ती नुसती मिस मणी राहिली.

त्याच वर्षी ती सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला गेली. वॉकरही भारतातून परतल्यावर तिथेच प्राध्यापक होता, दहाएक वर्षं आधीपर्यंत. मणीला शिकायचं होतं भौतिकशास्त्र. जागा मिळाली ती हवामानाच्या उपकरणांची. ठीक आहे, म्हणाली असेल, आणि शिकली. १९४८ साली परत येऊन पुण्याच्या याच सिमला ऑफिसात उपकरण विभागात रुजू झाली.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि साधे थर्मामीटर, बॅरोमीटरसुद्धा बाहेरून येत होते. ही उपकरणं इथेच बनली पाहिजेत आणि एकासारखी एक बनली पाहिजेत, हे काम त्या विभागाने अंगावर घेतलं. १९५३ पर्यंत मणी विभागप्रमुख झाली. तिच्या हाताखाली १२१ पुरुष. जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे तिने प्रमाणित केले. मापं, मिश्रधातू, काचेची नळी, स्क्रूचे आटे, सगळं. पुढे सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं, फुग्यातून वर जाऊन ओझोन मोजणारं उपकरण इथे बनवलं. १९७६ साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाली आणि त्यानंतर भारतात कुठे किती ऊन पडतं याचे जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. गावाकडे माळरानावर आज सौर पॅनेलच्या रांगा आणि पवनचक्क्या दिसतात, त्या कुठे लावाव्यात हे ठरवायला लागणाऱ्या आकड्यांची पायाभरणी तिची.

तिचं एक आग्रही म्हणणं होतं की चुकीचं माप घेण्यापेक्षा माप न घेतलेलं बरं. मला यात हवामानशास्त्राचं अख्खं शिक्षण दिसतं.

कारण आज पुण्यात पाषाणला जे प्रशिक्षण चालतं, जिथे जागतिक हवामान संघटनेच्या मान्यतेमुळे परदेशातूनही विद्यार्थी येतात, तिथे भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन आलेल्या पोरांनाही आधी मोजायलाच शिकावं लागतं. थर्मामीटरचा पारा डोळ्याच्या रेषेत आणूनच वाचायचा, वरून किंवा खालून नाही. पर्जन्यमापकातलं पाणी सकाळी साडेआठला मोजायचं. भारतभर साडेआठलाच. म्हणजे पेपरात ‘आज ६० मिलिमीटर’ असं येतं, तो काल साडेआठ ते आज साडेआठचा पाऊस असतो. मग नकाशा. सगळ्या केंद्रांचे आकडे एकेका ठिपक्याभोवती ठरलेल्या जागी मांडायचे, आणि समान दाबाच्या जागा पेन्सिलीने जोडत जायचं. खोडरबर हाताशी ठेवूनच. संगणक हे सगळं क्षणात करतो, तरी हाताने रेघ ओढल्याशिवाय कमी दाबाचा पट्टा बोटांना कळत नाही, असं जुनी माणसं सांगतात. मला ते पटतं.

आणि मग शब्द. हे आपल्यालाही माहीत हवं. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ हा अंदाज पळवाटेसारखा वाटतो ना? तो मोजलेला शब्द आहे. एखाद्या विभागातल्या एकूण केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडेल असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ पर्यंत, त्याहून जास्त असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’. शिकणाऱ्याला हे तक्ते पाठ असतात. ऐकणाऱ्याला ते कोणीच सांगत नाही. माझ्या मते खात्याचं खरं अपयश असलंच तर ते इथे आहे.

१९८८ साली आपल्या वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने सोळा घटकांचं गणिती प्रारूप आलं. काही वर्षं त्याने चांगली साथ दिली, लोक ‘गोवारीकर मॉडेल’ अभिमानाने म्हणायचे. २००२ साली त्यावरून सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला गेला आणि प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. वॉकरचंच दुखणं पुन्हा, जुळणारी नाती सुटली. आता भर आहे तो समुद्र आणि वातावरण एकत्र चालवून बघणाऱ्या महासंगणकांवर, आणि दोन-चार दिवसांचे अंदाज, चक्रीवादळांचे इशारे तर फारच सुधारलेत.

२०१७ कडे परत येऊ. त्या वर्षी एप्रिलमध्ये देशासाठी अंदाज होता ९६ टक्क्यांचा, जूनमध्ये तो ९८ केला. वर्ष संपलं तेव्हा देशात ९५ टक्के पाऊस झाला. म्हणजे ज्या अंदाजावरून तक्रार झाली, तो कागदावर जवळपास बरोबर होता. आणि माजलगावच्या शेतात बियाणं वाळलं हेही खरंच होतं. ९८ टक्के हा आकडा चेरापुंजीपासून जैसलमेरपर्यंतचा, चार महिन्यांचा. तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका गावात पेरायचं की नाही, या प्रश्नाचं उत्तर नव्हता. शेतकऱ्याला मात्र तेवढाच आकडा मिळाला होता, तोही टीव्हीवरून, ‘बळीराजासाठी आनंदाची बातमी’ या मथळ्याखाली.

आता महाराष्ट्रात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली आहेत. पीकविम्याचे पैसे त्या आकड्यांवर ठरतात, त्यामुळे मंडळातल्या यंत्राजवळ पाऊस पडला आणि आपल्या शिवारात नाही, यावरून गावोगावी भांडणं होतात. कुणीतरी यंत्रात पाणी ओतलं, कुणी वर झाकण टाकलं, असे किस्सेही ऐकतो. चुकीच्या मापाबद्दल मिस मणी काय म्हणायची ते त्या वेळी आठवतं.

माझे आजोबा तहसील कचेरीत कारकून होते. बाकी कामांबरोबर आवारातल्या पर्जन्यमापकाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पितळी किल्ली, काचेचं नळकांडं आणि एक लांब वही. १९७२ च्या पावसाळ्यात ते रोज सकाळी साडेआठला जायचे, झाकण उघडायचे, कोरडी बाटली बाहेर काढून नळकांड्यात उपडी करायचे आणि वहीत लिहायचे, ०.०. आजी विचारायची, दिसतंय ना आभाळ, मग रोज जाता कशाला? ते म्हणायचे, जाऊन बघितल्याशिवाय शून्य लिहिता येत नाही. शून्य वेगळं आणि रिकामी चौकट वेगळी.

त्या वर्षीच्या जुलैचं पान मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं. पुढे एकदा मुद्दाम कचेरीत जाऊन विचारलं. जुन्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. आकडे मात्र त्याच वेळी तारेने पुण्याला गेलेले होते, असं तिथला एक म्हातारा शिपाई म्हणाला, सिमला ऑफिसला.